नाण्यावरील दुहेरी अक्षरे : आधी पारख, मग दाम

भंडाऱ्याचे नाव पितळी भांड्यांमुळे दूरवर गेले. भांड्यावर ठसा मारणाऱ्या आपल्या कारागिरांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. हात सरकला तर त्या एकाच भांड्यावर अक्षर दुहेरी उमटते. ठसाच सदोष असला तर प्रत्येक भांड्यावर तोच दोष येतो. नाण्यांचेही तसेच आहे. 'डबल अक्षराचे नाणे' म्हणून कुणी जादा दाम मागितला, तर व्यापारी बंधूंनी भिंगाखाली पुढील चार प्रकार तपासावेत.

१) ठशातील दोष : ठसा तयार करतानाच आकृती दोनदा, किंचित सरकून उमटते. दोन्ही रेषा उठावदार व गोलसर असतात, अक्षराची टोके दुभंगलेली दिसतात. खरी किंमत यालाच. अमेरिकेचे १९५५ चे एक सेंटचे नाणे याच दोषामुळे जगप्रसिद्ध झाले.

२) ठशाची सरक : छापताना सैल ठसा हलतो व अक्षराची कड दाबली जाते. दुसरी रेषा सपाट, पायरीसारखी दिसते आणि मूळ अक्षर बारीक होते. अशी नाणी पुष्कळ सापडतात. त्यांना जादा दाम देऊ नये.

३) झिजलेला ठसा : अक्षराभोवती धूसर सावली दिसते. यालाही वेगळे मोल नाही.

४) दोनदा ठोका : येथे केवळ अक्षर नव्हे, तर संपूर्ण छापच दोनदा उमटतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळातील फारसी अक्षरांचे रुपये हाताने ठोकलेले असल्याने त्यांवर हा प्रकार नवलाचा नाही. यंत्रावर पाडलेल्या नाण्यात मात्र तो दुर्मिळ आहे, म्हणून बनवाबनवीही येथेच होते. एका नाण्यावर दुसरे ठेवून शिकंजात दाबले की अक्षरे खोलगट व उलटी उमटतात. उलटी अक्षरे दिसली की सावध व्हावे.

पहिल्या प्रकाराची खात्री करायची तर त्याच सालाचे व त्याच टांकसाळीचे दुसरे नाणे शोधावे. सालाखाली चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. दुसऱ्या नाण्यावरही दोष हुबेहूब तोच व त्याच जागी असेल, तर तो ठशाचा समजावा.

जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या नावाने कुणी फी मागितल्यास देऊ नये, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. चलनातील नाणी वितळवण्यास २०११ च्या नाणे कायद्याने मनाई आहे, हेही मोडीचा व्यवहार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आमचे सांगणे एवढेच : घेताना भिंग वापरा आणि विकताना दोषाचा प्रकार गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. मालाचा ऐब लपवून मिळवलेला नफा टिकत नाही. पेढीचे नाव मात्र कायमचे जाते.