आगकाड्यांची मौज

पिक्सारचा सिनेमा आला की आमच्या ऑफिसात तिकिटांसाठी ग्रुप बुकिंग होतं. पण आपल्याकडे ॲनिमेशन सुरू कुणी केलं, असं विचारा. सगळे एकमेकांकडे बघतील. बॉस, दादासाहेब फाळके! तेच, 'राजा हरिश्चंद्र'वाले.

1912 मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फाळके लंडनला गेले. सेसिल हेपवर्थच्या वॉल्टनमधल्या स्टुडिओत त्यांनी कामकाज पाहिलं आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. ब्रिटनमध्ये तेव्हा कॅमेऱ्याच्या अशा करामती जोरात होत्या. पर्सी स्मिथने 1910 मध्येच 'द बर्थ ऑफ अ फ्लॉवर'मध्ये बघता बघता कळ्या उमलवल्या होत्या. आर्थर मेलबर्न-कूपरच्या एका फिल्ममध्ये तर काड्यांची माणसं सैनिकांना काडेपेट्या पाठवा, असं आवाहन भिंतीवर लिहितात. (ती 1899 ची की 1914 ची, यावर अभ्यासकांची अजून जुंपते.)

इकडे फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा लावला. महिनाभर थोडं थोडं चित्रण करून जेमतेम मिनिटभराची फिल्म झाली. त्यात वाटाणा रुजतो, अंकुर फुटतो, वेल वर चढते. आजच्या भाषेत हे इन्व्हेस्टरसाठीचं प्रेझेंटेशन! त्यातूनच 'हरिश्चंद्र'साठी पैसा उभा राहिला.

मग 1915 साली 'आगकाड्यांची मौज'. महायुद्धामुळे कच्ची फिल्म मिळणं अवघड झालेलं, तरी या माणसाने काड्या हलवायला घेतल्या. काडी केसभर सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची.

वाचायला सोपं वाटतं ना? मे महिन्यात गंगाखेडला घरी गेलो होतो, तेव्हा भाचीला घेऊन मोबाइलवर हाच उद्योग केला. मूकपटाच्या हिशोबाने सेकंदाला 16 फ्रेम, म्हणजे सहा सेकंदांना 96 फोटो. पंखा लावला की काड्या उडतात, म्हणून पंखा बंद. परभणी जिल्ह्यातला मे ज्यांनी सोसलाय, त्यांना जास्त सांगायला नको. दोन तासांत आमची काडी ताटाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला पोचली. भाची म्हणाली, "मामा, एवढंच?"

एवढंच! फाळक्यांकडे तर शॉट लगेच बघायची सोयही नव्हती. फिल्म धुतल्यावरच कळणार, काडी चालली की अडखळली. त्यांच्या घरात रात्री काळोखात फिल्मला छिद्रं पाडायला सरस्वतीबाई बसायच्या. या कामाचं क्रेडिट त्यांना फार उशिरा मिळालं, हे मला खटकतं.

मेलबर्न-कूपरच्या काड्या आजही बघता येतात. आपल्या काड्यांचं मात्र नावच उरलंय. त्या काळची नायट्रेट फिल्म आगकाडीसारखीच भसकन पेटायची. जी जळली नाही तीही कुजून जायची. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं 1964 मध्ये. फाळके 1944 मध्येच गेले होते.