भार किती आणि कोठे?

अलिबाग, रेवस आणि मांडवा या बंदरांचा मुंबईशी असलेला व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावरून चालत आल्यामुळे, वाहनात भार किती घालावा आणि तो कोठे ठेवावा हे दोन प्रश्न या किनाऱ्यावर विमानयुगाच्या कितीतरी आधी विचारले गेले होते. शिडाच्या मचव्यात मीठ, कौले किंवा भाताची पोती भरताना तांडेल नुसते नग मोजून स्वस्थ बसत नसे. जड माल तळाशी, हलका वर, दोन्ही कुशींना सारखा भार, आणि परतीची फेरी रिकामी असल्यास तळाला दगडांचे नीरम, असा त्याचा शिरस्ता असे. माल लावणारा आणि त्या मालासह समुद्रात जाणारा इसम एकच असल्यामुळे, चुकीची शिक्षा ज्याला भोगावयाची त्याच्याच हाती चूक टाळण्याचा अखत्यारही होता.

आगबोटी आल्या, कचेऱ्या आल्या, तिकिटे आणि परवाने आले, तेव्हा ही जोडी फुटली. धक्क्यावर मोजणारा एक आणि सुकाणू धरणारा दुसरा, अशी विभागणी झाली. सॅम्युएल प्लिम्सॉलच्या खटपटीने १८७६ मध्ये ब्रिटिश कायद्याने जहाजाच्या कुशीवर भाररेषा सक्तीची केली, हा सुधारणेचा मोठा टप्पा खराच. परंतु ती रेषा एकूण भाराची साक्ष देते, त्या भाराच्या मांडणीविषयी ती काही बोलत नाही. नोव्हेंबर १९२७ मध्ये 'जयंती' आणि 'तुकाराम' या कोकणच्या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात नाहीशा झाल्या.

वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, 'रामदास' बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढी अमावास्येसाठी घराकडे चाललेले चाकरमानी आणि व्यापारी मिळून सुमारे सातशे उतारू तिच्यावर होते. काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्राच्या प्रचंड लाटा बोटीवर आदळल्या आणि, वाचलेल्यांनी सांगितलेल्या हकीकतींप्रमाणे, भयभीत उतारू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धावले, तशी बोट कलंडली ती पुन्हा सरळ झाली नाही. माणशी पन्नासच किलो धरले तरी सातशे माणसांचा भार पस्तीस टन होतो. आणि हा भार दोरखंडांनी बांधलेला नसून त्याला पाय होते. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नसल्यामुळे मुंबईला वार्ता कळण्यास कित्येक तास गेले. रेवसच्या बाजूने मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून काही जीव वाचविले. सहाशेहून अधिक माणसे मात्र गेली.

याच काळात वाहतूक आकाशात शिरत होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या चिमुकल्या पुस मॉथ विमानात सुमारे पंचवीस किलो टपाल होते. ३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली टपालविमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येऊन आपापल्या थैल्यांची अदलाबदल करू लागली. या कामातील डकोटा विमान शेपटीच्या चाकावर बसणारे; जमिनीवर उभे असताना त्याच्या आतील तळाला चढ असे, थैल्या नाकाकडे ओढत न्याव्या लागत, आणि त्या आवळून बांधल्या नाहीत तर उड्डाणात शेपटीकडे घसरण्यास त्यांना पूर्ण मुभा मिळे.

विमानाचा गुरुत्वमध्य ठराविक मर्यादेपुढे गेला, तर नाक जड होऊन ते उचलण्यास धावपट्टी पुरत नाही. मर्यादेमागे गेला, तर नाक आपोआप वर चढते, वेग सरतो आणि पंखांची उचल संपते. दोहोंपैकी दुसरा दोष अधिक घातक, कारण तो चाके जमीन सोडल्यावरच उघडकीस येतो. तराजूच्या दांडीवर वजनाइतकेच अंतरालाही मोल असते, तेच येथे लागू पडते. ३,६०० किलोंच्या लहान मालविमानात १०० किलोंची पोती ३ मीटर मागे सरकली, तर सबंध विमानाचा गुरुत्वमध्य आठ सेंटिमीटरांहून अधिक मागे जातो. तीच पोती याच्या शंभरपट वजनाच्या जंबो विमानात तितकीच सरकली, तर फरक एक मिलिमीटरही पडत नाही. लहान विमानाला चूक पचविण्याची ऐपत नसते, आणि त्याच्या वाट्याला येणारे कारकून व हमाल बहुधा सर्वांत घाईत असतात.

मोठ्या विमानांचीही सुटका झालेली नाही. ७ ऑगस्ट १९९७ रोजी मायामी येथे फाइन एअरचे डीसी-८ मालविमान उड्डाण करताच कोसळले. माल आखल्याप्रमाणे लावलेला नव्हता, तो मागे जड झाला होता, आणि वैमानिकांनी शेपटीच्या आडव्या पृष्ठाचा कोन त्यांना मिळालेल्या चुकीच्या आकड्यांवरून लावला होता. ८ जानेवारी २००३ रोजी शार्लट येथे १९ आसनी बीचक्राफ्ट पडून २१ माणसे दगावली. शेपटीच्या नियंत्रणाची जोडणी सदोष होती, हे एक कारण. पण भारही मागील मर्यादेबाहेर होता, आणि कागदावर तो मर्यादेत दिसत होता, कारण उतारूंची व सामानाची वजने सरासरीने धरलेली होती. पुढे अमेरिकी विमानवाहतूक खात्याने प्रत्यक्ष वजने घेवविली आणि सरासरीचे आकडे वाढविले.

'रामदास', मायामी आणि शार्लट या तीन अपघातांची कारणे पुष्कळ अंशी निरनिराळी आहेत. तथापि तिन्ही ठिकाणी भार जेथे धरला होता तेथे तो नव्हता, आणि सुकाणू किंवा कळ ज्याच्या हाती, त्याला ते वेळेवर सावरता आले नाही. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह जाणारी रो-रो बोट सुरू झाली. अशा बोटीत कोणती मोटार कोठे उभी करावयाची हे मालक ठरवीत नाही, खलाशी ठरवितो. कित्येकांना त्या हुकमाचा राग येतो. तो राग गिळावा हेच इष्ट, कारण मचव्याच्या तांडेलाकडे असलेला अधिकार त्या हुकमात काही अंशी परत आला आहे. लहान मालविमानाच्या वैमानिकालाही तो तितकाच हवा: भारपत्रकावर सही करण्यापूर्वी माल स्वतः पाहण्याचा, आणि तो पटला नाही तर मालकाचा खोळंबा झाला तरी निघण्यास साफ नकार देण्याचा.