वालीवचा गाळा आणि संचालकांचं टेबल

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या कित्येक गाळ्यांत संचालक मंडळ म्हणजे दोघे भाऊ, फार तर जोडीला सीए. मंडळावर बाई असली तर धूर कमी होतो का, हा प्रश्न इथे कुणाला पडावा? पण इथला सुटा भाग ज्या मोठ्या कंपनीत जातो, तिथे तो पडलाय. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२० पासून स्वतंत्र महिला संचालक आणि २०२२-२३ पासून कर्ब उत्सर्जनाचा हिशेब सक्तीचा केला.

२४ औद्योगिक देशांतल्या कंपन्यांची २००९ ते २०१९ ची आकडेवारी बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या एका अभ्यासात तपासली गेली. व्यवस्थापनात स्त्रियांचा वाटा एक टक्काबिंदूने वाढला, तर उत्सर्जन साधारण अर्ध्या टक्क्याने घटलेलं दिसलं. व्यवस्थापनात, बरं का! नुसत्या सहीपुरत्या खुर्चीवर नव्हे. आपल्याकडे ती खुर्ची पुष्कळदा घरच्याच वहिनींना मिळायची, म्हणून तर ‘स्वतंत्र’ हा शब्द नियमात आला. शिवाय आधीच स्वच्छ असलेल्या कंपन्या स्त्रियांना जास्त संधी देत असतील, हीही शक्यता उरतेच.

गाळ्यातला डिझेल जनरेटर मात्र मोठ्या कंपनीच्या हिशेबात ‘पुरवठा साखळी’ या रकान्यात मोडतो. तो रकाना भरायला लागला, की वालीवलाही डिझेलची पावती मागितली जाईल.