बोलणारा रेडिओ सुट्टीला गाणी का लावतो?

मंडळी, दिघीच्या आजच्या व्याख्यानात आपण एक साधा प्रश्न घेऊ. आठवडाभर नुसतं बोलणारं रेडिओ केंद्र सुट्टीला जुनी, हळुवार गाणी का लावतं?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं उदाहरण घ्या. तिथल्या डब्ल्यूपीएचटी केंद्रावर एरवी राजकीय चर्चा चालायच्या. शनिवार-रविवार आला की सिड मार्क फ्रँक सिनात्राची गाणी ऐकवायचे.

पहिलं कारण खर्चाचं. सुट्टीला कचेऱ्या बंद, बातम्या कमी, चर्चेला माणसं मिळत नाहीत. एक निवेदक आणि तबकड्यांचा साठा एवढ्यावर दोन तास सहज निघतात.

दुसरं कारण तांत्रिक. मध्यम लहरींवर आवाजाची वरची, बारीक टोकं कापली जातात. माणसाचा मधला आवाज मात्र स्वच्छ पोचतो. गळ्यावर उभं असलेलं गाणं तिथे शोभतं.

तिसरं कारण आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. हे गाणंच मुळी बोलण्याच्या जवळचं आहे. मायक्रोफोन नव्हता तेव्हा आपल्या संगीत नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि गायकाला कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. तिकडे बिंग क्रॉस्बी, इकडे सैगल, तलत महमूद आणि आपलं मराठी भावगीत, ही सगळी त्या मायक्रोफोनची देणगी.

आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. त्यामुळे बातम्या, भाषणं, शेतीच्या गप्पा आणि गाणी हे सगळं एकत्र सांभाळलं ते आकाशवाणीने. पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ ला ‘गीतरामायण’ सुरू केलं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांच्या चाली, एकूण ५६ गीतं. नवं गीत शुक्रवारी सकाळी लागे आणि तेच शनिवारी, रविवारी पुन्हा ऐकवलं जाई. शुक्रवारी हुकलं तरी ऐकायला आणखी दोन सकाळी मिळत.

आता हे दिघीला लावून बघा. भोसरी-पिंपरीच्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सकाळी जुनी गाणी लागतात, तेव्हा आपल्यातले कितीतरी जण पहिल्या पाळीत यंत्रापुढे उभे असतात. निवेदक ‘सुट्टीची सकाळ’ म्हणतो, ती त्यांची नसतेच. रात्रपाळी करून आलेला माणूस त्या वेळी झोपलेला असतो.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की रविवारचा कार्यक्रम गुरुवारी पुन्हा लावावा. साठा तोच, निवेदन तेच, खर्च जवळजवळ नाही. कानाशी बोलणारं गाणं आहे, तर ते कान घरी असतील तेव्हा लागायला हवं.