घरी भरलेलं काडतूस : खेळाचं गणित काय, कायदा काय?

बऱ्हाणपूर : सिंधीपुऱ्यातल्या एखाद्या पोराच्या मोबाईलवर हल्ली परदेशी नेमबाजांचे व्हिडिओ सहज येतात. टेबलावर हाताने चालवायचा छोटा प्रेस, शेजारी दारू तोलायचा नाजूक तराजू, समोर रिकाम्या पितळी पुंगळ्या, आणि माणूस निवांत बसून आपल्याच पिस्तुलाची काडतुसं भरतोय. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये (२०२४) भारताला नेमबाजीत तीन कांस्यपदकं मिळाल्यापासून या खेळाकडे बघणारी पोरं वाढली. त्यांना साहजिकच प्रश्न पडतो : विकतची काडतुसं महाग, मग घरीच भरली तर काय बिघडतं?

उत्तर दोन भागांत आहे. खेळाच्या दृष्टीने या कामात खरंच अर्थ आहे. पण भारतात परवान्याशिवाय ते करणं हा गंभीर गुन्हा आहे. दोन्ही भाग समजून घ्यायला हवेत.

काडतुसात असतं तरी काय?

चार वस्तू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की पिन टोपीवर आदळते, टोपीची ठिणगी दारूला लागते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून सुटते. जुन्या ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीतच गजाने ठासावी लागायची. काडतुसाने तेच सगळं एका पुंगळीत आणलं. बार उडाल्यावर पुंगळी बहुधा शाबूत राहते, म्हणून ती पुन्हा भरता येते.

मग नेमबाज हाताने का भरतात?

पैसे वाचतात हे खरं, पण मोठं कारण एकसारखेपणा. पंचवीस मीटरच्या अचूक नेमाच्या निशाण्यावर दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. एक गोळी जरा वेगात, दुसरी जरा मंद गेली, की हात कितीही स्थिर असला तरी छिद्रं पांगतात. स्वतः भरणारा नेमबाज गोळीचं वजन, दारूचं माप आणि गोळी पुंगळीत किती खोल बसवायची हे ठरवतो. झटका कमी हवा तर तसं, जास्त हवा तर तसं. सेंटर फायर पिस्तुलासाठी सपाट तोंडाची गोळी वापरतात, कारण ती कागदाला गोल, स्वच्छ छिद्र पाडते आणि गुण मोजताना वाद होत नाही. याच प्रकारात जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुणांसह त्या वेळच्या विश्वविक्रमाची बरोबरी करून सुवर्ण जिंकलं होतं.

धावत-पळत नेम साधायच्या ‘आयपीएससी’ स्पर्धेत तर काडतुसाची ताकदच मोजतात. गोळीचं वजन (ग्रेनमध्ये) गुणिले वेग (सेकंदाला फूट), भागिले हजार. १२४ ग्रेनची गोळी १,०५० फूट वेगाने गेली तर आकडा १३०.२. ‘मायनर’ गटासाठी किमान १२५ लागतो. आकडा त्याखाली घसरला तर गुण जातात, फार वर गेला तर झटका वाढून पुढचा नेम उशिरा लागतो. मधली जागा शोधणं, हेच ते ‘लोड’ तयार करणं.

जिथे हे कायदेशीर आहे तिथेही अंदाजपंचे काम चालत नाही. दारू बनवणाऱ्या कंपनीचा छापील तक्ता समोर ठेवतात, एका वेळी एकच गोष्ट बदलतात, वेग यंत्राने मोजतात आणि प्रत्येक फेरी वहीत लिहितात. पिस्तुलाची पुंगळी लहान असते. दारू चुकून दोनदा पडली किंवा गोळी जरा जास्त खोल बसली, तरी दाब एकदम चढतो. पिस्तूल फुटतं, बोटं आणि डोळे जातात.

ऑलिम्पिकच्या पिस्तुलाला हे लागूच नाही

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ऑलिम्पिकमध्ये २५ मीटरला ५.६ मिलिमीटरचं, म्हणजे पॉइंट टू-टूचं रिमफायर काडतूस चालतं. त्याला वेगळी टोपी नसते. पेटणारं रसायन पुंगळीच्या काठातच भरलेलं असतं आणि पिनेच्या घावाने तो काठच चेपतो. त्यामुळे ती पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, ते याच जातीच्या काडतुसावर.

मग हे नेमबाज काय करतात? ‘लॉट’ तपासतात. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांतही प्रत्येक घाण्याचा स्वभाव थोडा वेगळा निघतो. म्हणून नळी शिकंजात बसवून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडतात आणि ज्याची छिद्रं सगळ्यात जवळ पडतील तो लॉट साठवून ठेवतात. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमला ‘एली’ आणि जर्मनीतल्या शोनेबेकला ‘लापुआ’ या कंपन्यांकडे त्यासाठी खास रेंज आहेत.

कायदा : रावेरला तोच, बऱ्हाणपूरला तोच

शस्त्र कायदा १९५९ हा केंद्राचा कायदा आहे. राज्याची हद्द ओलांडली म्हणून तो बदलत नाही. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवता येत नाही. शस्त्र बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. शिवाय दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री हेसुद्धा कायद्याच्या व्याख्येत ‘दारूगोळा’च. म्हणजे ‘नुसता प्रेस मागवला, भरलं काहीच नाही’ ही सबब टिकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

आपल्या जिल्ह्यात तर जास्तच सावध राहायला हवं. खकनार तालुक्यातल्या पाचोरीचं नाव अवैध पिस्तुलांच्या बातम्यांत वारंवार येतं. घरात दारू, टोप्या आणि पुंगळ्या सापडल्या, तर ‘खेळासाठी होतं साहेब’ हे ऐकून कोण सोडणार? भुसावळजवळच्या वरणगावच्या कारखान्यात सैन्यासाठी काडतुसं बनतात, पण ती सरकारी जागा आहे, घरची माडी नव्हे.

परवानाधारक असाल तर आणखी एक लक्षात ठेवा : हद्द ओलांडण्याआधी परवान्यावर लिहिलेलं क्षेत्र बघून घ्या.

मग पोरांनी काय करायचं?

दहा मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. बंदुकीच्या परवान्याला मात्र २१ वर्षं पूर्ण हवीत. आणि ‘लोड’ शोधायची हौस इथेही भागते. एअर पिस्तुलाचे छर्रे ४.४८, ४.४९, ४.५० अशा मापांत मिळतात. रेंजवर प्रशिक्षकासमोर प्रत्येक मापाचे दहा-दहा छर्रे झाडा, कागद जपून ठेवा, तारीख आणि माप लिहा. आपल्या नळीला कुठला छर्रा मानवतो ते कागदच सांगेल.

शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीतून टोकियो आणि पॅरिस ऑलिम्पिकला गेला. पलीकडे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला कांस्य आणलं. दोघंही रेंजवर घडले. वाट लांबची आहे, पण तिच्यावर पोलिसांची जीप मागे लागत नाही.