कपाळावरचं मेण

जुन्या करंड्यात कुंकवाशेजारी मेणाची एक इवलीशी डबी असे. बोटाच्या टोकावर मेण घ्यायचं, दोन भुवयांच्या मधोमध गोल टेकवायचं आणि त्यावर कुंकू लावायचं. मराठवाड्यातल्या कितीतरी आज्यांच्या कपाळावर त्या जागी काळसर ठसा कायमचा राहिलेला दिसतो. कुंकवातल्या कृत्रिम रंगांमुळे असा डाग पडू शकतो. पुढे टिकली आली. तिच्या गोंदातलं पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल हे रसायन काहीजणींना सोसत नाही आणि कपाळावर टिकलीएवढाच पांढरा डाग उमटतो. आता त्याच जागेच्या आसपास, दोन बोटं खाली, पार्लरमधलं गरम वॅक्स लागतं. म्हणायला मेण, पण बऱ्याचदा त्यात असते राळ, नाहीतर लिंबू घालून आटवलेला साखरेचा पाक.

नांदेडला वजिराबादेत काय किंवा लातूरला औसा रोडवर काय, आयब्रो म्हटलं की आजही आधी दोराच निघतो. पण अप्पर लिप, कपाळ आणि भुवयांखालची लव यांसाठी कटोरी वॅक्स, बीन्स वॅक्स मागणाऱ्या मुली वाढल्या आहेत. लग्नसराईत तर विचारायलाच नको. मग दुसऱ्या दिवशी फोन येतात. कुणाच्या पापणीवर काळंनिळं पडलेलं असतं, कुणाची चामडी सोललेली असते, कुणाला बारीक पांढऱ्या तोंडाचे फोड आलेले असतात. पार्लरवाली म्हणते, हिची स्किनच सेन्सिटिव्ह. गिऱ्हाईक म्हणतं, वॅक्सच खराब. बऱ्याचदा दोघींचंही चुकलेलं असतं.

पापणीवरची त्वचा अंगावरच्या सगळ्या त्वचेत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्याखाली चरबीचा आधार जवळपास नाही आणि बारीक रक्तवाहिन्या अगदी वरच. वॅक्सला केस आणि कातडी यांतला फरक कळत नाही. पट्टी ओढली की केसांबरोबर त्वचेच्या मृत पेशींचा वरचा पापुद्राही थोडा निघतो. धडधाकट त्वचेला त्याचं काही वाटत नाही, ती नवा थर तयार करते. घात होतो तो हा थर आधीच विरळ झालेला असला तर. आणि तो विरळ करणारी ट्यूब पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या पर्समध्येच असते.

लातूरचं उदाहरण घ्या. परीक्षांच्या तयारीच्या 'लातूर पॅटर्न'च्या ओढीनं शेकडो गावांतल्या मुली इथल्या होस्टेलांत राहतात. वय सोळा ते अठरा, म्हणजे ऐन मुरुमांचं. मुरुमांवर डॉक्टर ॲडापॅलीन किंवा ट्रेटिनॉइनचं मलम देतात, ते रात्री लावायचं. औषध चांगलंच आहे, पण ते त्वचेच्या पेशींची एकमेकींवरची पकड सैल करतं. अशा चेहऱ्यावर वॅक्सची पट्टी ओढली की केसाबरोबर कातडीही उठून येते. खाली लालभडक, ओलसर, चकचकीत पट्टा उरतो आणि चार दिवसांनी त्याची तपकिरी खपली. मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स करूच नये. गोळ्या बंद झाल्यावरही किमान ६ महिने थांबावं, असं त्या औषधाच्या माहितीपत्रकातच असतं. ग्लायकोलिक, सॅलिसिलिक ॲसिडची सीरम लावणाऱ्यांनीही वॅक्सच्या आधी काही दिवस ती बाजूला ठेवावीत.

हे झालं डॉक्टरांनी दिलेल्या औषधांचं. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेल्या 'गोऱ्या होण्याच्या' क्रीमचं दुखणं याहून मोठं आहे. यातल्या कितीतरी ट्यूबांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं तिहेरी मिश्रण असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, शेजारीण विचारते, मग ट्यूब जावेकडे, बहिणीकडे पोचते. काही महिन्यांत त्वचा कागदासारखी पातळ होते, रक्तवाहिन्यांचं जाळं दिसू लागतं, उन्हात आग होते. देशातल्या निरनिराळ्या केंद्रांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइडचं मलम लावत होते. सातांत एक. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ट्यूब मिळायची ती मिळतेच. विदर्भात अकोल्याला तर एका कुटुंबातल्या तिघींना गोरेपणाच्या क्रीमनंतर मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीनं क्रीम तपासलं तेव्हा त्यात पारा सापडला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी सगळीकडे गाजली.

म्हणून पार्लरमधली सगळ्यात मोलाची गोष्ट वॅक्सचा डबा नाही. तो एक प्रश्न आहे: "ताई, चेहऱ्याला रोज काय लावता?" याचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही हो, साधीच क्रीम." गोरेपणाची क्रीम लावतो हे चारचौघींत सांगायला बाई लाजते, बाजूच्या खुर्चीत नणंद बसलेली असते. जाणती पार्लरवाली मग आवाज उतरवून म्हणते, "ट्यूबचा फोटो असंल तर दाखवा." त्या फोटोतल्या बारीक अक्षरांत 'मोमेटासोन' हे स्टेरॉइड किंवा 'ट्रेटिनॉइन' दिसलं की वॅक्सचा डबा झाकायचा आणि दोरा काढायचा, तोही हलक्या हातानं. दोरा केस ओढतो, कातडीला चिकटत नाही. याच प्रश्नाला जोडून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही विचारावं. हृदयविकारानंतर ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या पन्नाशीच्या बाईला जराशा ओढीनंही काळंनिळं पडतं. मधुमेह असला तर छोटी जखमही रेंगाळते.

गोळ्या नाहीत, क्रीम नाही, तरी निळं पडलं, तर दोष हाताचा. शिकाऊ मुलगी पट्टी ओढते ती वर, छताकडे. तिच्याबरोबर पापणीची सैल कातडी तंबूसारखी उचलली जाते आणि खालच्या रक्तवाहिन्या फुटतात. सरावलेला हात बघावा. डाव्या हाताची दोन बोटं कानशिलाकडे कातडी ताणून धरतात, डोळा मिटलेला असतो. वॅक्स केसांच्या दिशेनं, पातळ, करंगळीच्या नखाएवढ्याच रुंदीत लागतं. मग उलट दिशेनं, कातडीला अगदी लगटून, एकाच झटक्यात ओढ. पट्टी सुटली न सुटली तोच बोटाचं पेर त्या जागेवर घट्ट टेकतं. आग तिथल्या तिथे निम्मी होते. दोन-चार केस राहिले तर ते चिमट्यानं, म्हणजे प्लकरनं काढायचे. त्याच जागी पुन्हा वॅक्स लावायचं नाही. 'एकदा अजून ओढते' या वाक्यानं जितक्या पापण्या बिघडल्या असतील तितक्या वाईट वॅक्सनंही नसतील.

मराठवाड्यातला मे महिना हा आणखी एक वैरी. बाहेर ४२ अंश, त्यात लाइट गेली की पंखा बंद. कपाळ घामानं ओलं, वॅक्स धरत नाही, मग ते अजून गरम करायचा मोह होतो. इथे चटका बसतो. वॅक्स आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. तिथे चटचटलं तर पापणीवर चालणार नाही. घाम टिपून, चिमूटभर पावडर लावून मगच काम. चटका बसलाच तर त्या जागेवर साधं गार पाणी वीस मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको.

अॅलर्जीची गोष्ट वेगळी, कारण ती उशिरा येते. पाइनच्या झाडाच्या राळेतला कोलोफोनी हा घटक काहींना सोसत नाही. खाज आणि सूज एक ते तीन दिवसांनी उठते, तोवर वॅक्सचं नावही कुणाला आठवत नाही. म्हणून नव्या वॅक्सचा ठिपका कानामागे लावून दोन दिवस वाट बघावी. ज्या बाईला टिकलीची खाज सुटते, चिकटपट्टीनं पुरळ उठतं, तिला तर हा ठिपका आधी लावून बघायलाच हवा.

पांढऱ्या तोंडाचे फोड बहुधा जंतूंचे. एकच लाकडी पट्टी डब्यात, कपाळावर, परत डब्यात असा प्रवास करते तेव्हा पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत बरंच काही पोचतं. लातूरकरांनी दुष्काळात, २०१६ च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पाहिलं आहे. हात धुवायला तांब्याभर पाणी जपून वापरणं काय असतं हे त्यांना सांगायला नको. पण पट्टी प्रत्येक वेळी नवी घ्यायला पाणी लागत नाही, आणि आइस्क्रीमची काडी फार महाग नसते.

वॅक्सनंतरची तास-दोन तासांची लाली साधी; गार, ओल्या कपड्यानं जाते. सोललेल्या जागेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर ठेवावा आणि ऊन टाळावं, कारण आपल्या सावळ्या त्वचेवर जखम भरते पण डाग महिनोन्महिने राहतो. स्कूटीवरून उन्हात जाताना स्कार्फ गुंडाळला तर तो धुतलेला असावा. घामेजलेल्या स्कार्फच्या आत ताज्या छिद्रांत फोड धरतात. पाणीदार फोड, वाढती सूज किंवा डोळ्याला लाली असेल तर घरगुती लेपांत वेळ न घालवता नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावं.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे नवरी. तिला फेशियल, ब्लीच, वॅक्स सगळं एकाच दुपारी हवं असतं आणि संध्याकाळी हळद असते. ब्लीचमधला अमोनिया नुकत्याच वॅक्स केलेल्या त्वचेवर लागला की चेहरा भाजल्यासारखा होतो, आणि त्यावर घरच्या बायका मायेनं, चांगली खसखसून हळद चोळतात. अनुभवी पार्लरवाली म्हणूनच तारीख ठरवतानाच नवरीच्या आईला सांगते: आयब्रो आणि वॅक्स हळदीच्या चार दिवस आधी, आणि त्याआधी पंधरा दिवस कुठली नवी क्रीम लावू नका.