गुण्याला उजेड दिसला की

कपाटाचा डबा जुळवताना कोपऱ्यात फट राहिली की हात आधी पान्याकडे जातो. माझं ठाम मत आहे, मशीनला हात लावण्याआधी कापलेलं लाकूड बघावं. बिघाड कुठे आहे ते त्यावर उमटलेलं असतं.

दोन्ही कडा समांतर असलेली प्लायची रुंद पट्टी घ्या आणि टेबल सॉवर गेजला टेकवून आडवी कापा. एक तुकडा पालथा करा, दोन्ही तुकडे सरळ पट्टीला लावून कापलेल्या बाजू भिडवा. चूक आता दुप्पट होऊन दिसते. गुण्याला निसटलेली फटही सापडते. ती रुंदीत वाढत गेली तर गेज काटकोनात नाही. जाडीत, म्हणजे वर मिटलेली आणि खाली उघडी असेल, तर ब्लेड कललंय.

मात्र कापावर जळकट डाग असतील, मागच्या दातांचे ओरखडे असतील, तर ब्लेड टेबलच्या खोबणीला समांतर आहे का ते तपासावं लागतं. प्लग काढायचा, ब्लेड पूर्ण वर घ्यायचं आणि एका दातावर पेनाने खूण करायची. खोबणीला टेकवलेल्या गुण्याची पट्टी त्या दाताला जेमतेम घासेल इतकी पुढे आणायची. मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्यायचा, गुण्याही मागे सरकवायचा. घासण्याचा आवाज दोन्हीकडे सारखा हवा. दात तोच का? प्रत्येक ब्लेडला थोडी लचक असतेच. दुसरा दात घेतला तर ती लचकच मापात शिरते.

फेन्सची, म्हणजे उभं चिरताना लाकूड टेकवायच्या पट्टीची, पाळी यानंतर. आधी ती लावून बसलं तर चुकीच्या ब्लेडला चुकीची फेन्स जुळते. फेन्स मागच्या बाजूला ब्लेडकडे झुकली तर लाकूड आवळतं, जळतं आणि उसळून अंगावर येऊ शकतं.

ब्लेड समांतर करण्यासाठी बोल्ट सैल करण्याआधी ते काढून वॉशर पुसून घ्यावेत. तिथे बसलेला डिंकमिश्रित भुसा मध्याशी केसाएवढा असला तरी दाताशी कित्येक पट होतो.

हे सगळं जुळूनही सागाची फळी उभी चिरताना कधी काप मिटत जातो, कधी दोन्ही पट्ट्या बाहेर फाकतात. तो लाकडातला ताण. तेव्हा पट्टी दोन सूत जास्त ठेवून चिरावी, काही दिवस पडू द्यावी, मग एक कड रंध्याने सरळ करून मापाला कापावी.